ब्रिटनमधल्या मराठी मतदारांना खुलं पत्र: मत आपल्याला होतं, गोव्याच्या शेजाऱ्याला नव्हतं

स्लाव (लंडनजवळचं Slough), जानेवारी २०२६

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर गृहमंत्री शबाना महमूद यांनाच लिहायला बसलो होतो. पण त्यांना लिहिणारे वकील आहेत, संघटना आहेत, खासदार आहेत. शिवाय इथे कायम राहण्याच्या नव्या नियमांवर लोकांची मतं मागवायला त्यांच्या खात्यानं रीतसर प्रश्नावलीच काढली आहे. आपल्याला मात्र कुणी काही लिहीत नाही. आपण म्हणजे स्लाव, हॅरो, हाउन्स्लो, रेडिंग, मिल्टन कीन्सपासून पार मँचेस्टर-एडिंबरापर्यंत घरं घेऊन बसलेली मराठी माणसं. कुणाकडे आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, कुणाकडे मरून रंग सोडून पुन्हा निळा झालेला ब्रिटिश पासपोर्ट. मॉर्गेज चालू, मुलांची इलेव्हन-प्लसची (ग्रामर शाळेच्या प्रवेश परीक्षेची) तयारी चालू, शनिवारी मराठी शाळा, भाद्रपदात गणपती. आणि प्रत्येकाकडे मत. या शेवटच्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

२० नोव्हेंबरला महमूदबाईंनी संसदेत नवी योजना मांडली. इथे कायमचं राहण्याचा हक्क आता पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी, आणि तोही 'कमवावा' लागणार. त्या दिवसापासून आपले व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. ज्यांचं आयएलआर व्हायचंय ते घाबरून प्रश्न विचारताहेत. ज्यांचं झालंय त्यांच्यातले काही जण उत्तरं देताहेत, ती साधारण अशी: आपण लाइनीत उभं राहून आलो, टॅक्स भरला, कुणाचं फुकट खाल्लं नाही. इंग्लिश खाडी ओलांडून आलेल्या त्या बोटीवाल्यांनी आणि म्हाताऱ्यांची देखभाल करायला आलेल्या केअर व्हिसावाल्यांनी सगळं बिघडवलं. बरं झालं, सरकार कडक झालं.

हा सूर मी ओळखतो. दहा वर्षांपूर्वी हाच सूर ऐकला होता, फक्त तेव्हा निशाण्यावर पोलंड आणि रुमानियाची माणसं होती.

२०१६चा जून आठवा. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, या सार्वमताची पोल कार्डं घरोघर येत होती. माझ्या घरी तेव्हा पुण्याहून कंपनीनं दोन वर्षांसाठी पाठवलेला एक पोरगा पेइंग गेस्ट म्हणून राहत होता. येऊन जेमतेम वर्ष झालेलं, इथला हिवाळा त्यानं एकच पाहिलेला, हॅम कुठलं आणि बेकन कुठलं याचा अजून गोंधळ. त्याच्या नावानं कार्ड आलं. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि राष्ट्रकुलाचा जो नागरिक इथे कायदेशीर राहतो त्याला संसदेच्या निवडणुकीतही मत असतं आणि त्या सार्वमतातही होतं. पलीकडच्या घरात मडगावकडचं एक कुटुंब. नवरा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, बायको शाळेच्या किचनमध्ये. आजोबा १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्या आधारावर लिस्बनला नोंदणी करून घेतलेला पोर्तुगीज पासपोर्ट. पोर्तुगालात पाऊलही न ठेवलेली ही माणसं कायद्यानं युरोपियन, आणि पोर्तुगीज झाल्यामुळे भारतीय नागरिकत्व गेलेलं. कितीतरी वर्षं इथे राहून, टॅक्स भरून त्यांना सार्वमतात मत नव्हतं. कौन्सिलच्या निवडणुकीत होतं, पण इथे राहायचं की नाही हे ठरणाऱ्या मतदानात नव्हतं.

तो गोवेकर कुंपणावरून कार्डाकडे बघत म्हणाला होता, "म्हणजे आमचं काय होणार, ते तुमचा पोरगा ठरवणार." कोकणीत म्हणाला, हसत म्हणाला. पोरग्याला मात्र हसू आलं नाही.

२३ जूनला इथे धो धो पाऊस होता. शाळेच्या हॉलमध्ये रांग, बोटाला शाई नाही की मशीन नाही, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं कागदावर फुली मारायची. आपल्याला ते नेहमीच पोरखेळ वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल: ५१.९ टक्के 'बाहेर', ४८.१ टक्के 'आत'. हॅरो आणि हाउन्स्लोनं 'आत'चा कौल दिला. पण आपलं स्लाव ५४.३ टक्क्यांनी 'बाहेर', हिलिंग्डन ५६.४ टक्क्यांनी, लूटन ५६.५ टक्क्यांनी. ही काही शेतात राबणाऱ्या पोलिश मजुरांवर चिडलेल्या लिंकनशरमधली गावं नव्हेत. आशियाई माणसांनी गजबजलेली शहरं आहेत. लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी मतदानाच्या दिवशी केलेल्या पाहणीत आशियाई मतदारांपैकी तिघांतला एक 'बाहेर'वाला निघाला. त्यात आपलेही होते. कोण कोण ते आपल्याला एकमेकांना माहीत आहे, नावं घेत नाही.

मी 'आत'वाला. त्यात फार मोठं तत्त्व नव्हतं, माझी नोकरी फ्रँकफर्टच्या गिऱ्हाइकांवर चालायची. आणि 'बाहेर'वाल्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांतला मी कधीच नव्हतो. आपल्या लोकांचा राग खोटा नव्हता, हे आधी मान्य करू.

तो राग आई-वडिलांचा होता. २०१२च्या जुलैत थेरेसा मे गृहमंत्री असताना कुटुंबाचे नियम बदलले. भारतातून नवरा किंवा बायको आणायची तर वर्षाला १८,६०० पौंड कमाई हवी. म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचं आणायचं तर ती जवळजवळ बंदीच. ते इतके परावलंबी हवेत की रोजचं सगळं दुसऱ्यानं करावं लागतं, आणि ती सोय पैसे देऊनही मायदेशात होत नाही हे सिद्ध करायचं. पुण्या-मुंबईत पैसे टाकले की बाई मिळते, म्हणून अर्ज फेटाळला. आणि त्याच गल्लीतला इटालियन किंवा पोर्तुगीज मात्र कमाईची अट न पाळता बायको आणू शकत होता, अवलंबून असलेले आई-वडीलसुद्धा. ब्रिटिश नागरिक होऊनही आपल्याला जे मिळत नाही ते परक्याला मिळतं, ही चीड मला कळत होती. आजही कळते.

त्या चिडीवर प्रचारवाल्यांनी बरोबर बोट ठेवलं. युरोपचा लोंढा थांबला की राष्ट्रकुलातल्या हुशार माणसांना न्याय मिळेल, ऑस्ट्रेलियासारखी गुणांची पद्धत आणू, कुठून आलात हे न बघता लायकी बघू. 'बाहेर'च्या प्रचारातल्या प्रीती पटेल करी हाउसवाल्यांना सांगत होत्या की युरोपातून बाहेर पडलो तर आचारी आणता येतील. करी हाउसवाले म्हणजे बहुतेक सिल्हेटचे बांगलादेशी, त्यांनी विश्वास ठेवला. पुढे त्याच प्रीतीबाई गृहमंत्री झाल्या आणि त्यांनीच नवे नियम आणले. हे नियम पूर्वी असते तर स्वतःच्या आई-वडिलांनाही कदाचित इथे येता आलं नसतं, असं त्यांना २०२०मध्ये रेडिओवर मान्य करावं लागलं.

आई-वडिलांच्या नियमाचं काय झालं? तो जागच्या जागी आहे. जोडीदाराची कमाईची अट २०२४च्या एप्रिलात १८,६०० वरून २९,००० पौंडांवर गेली. युरोपियनाला मिळत होतं ते आपल्याला मिळालं नाही. नव्यानं येणाऱ्या युरोपियनालाही आता मिळत नाही, एवढीच काय ती समानता आली.

उलट एक दार होतं, तेही गेलं. तुमच्यातल्या काहींनी ते वापरलंय. सुरिंदर सिंग नावाच्या एका भारतीय माणसाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं १९९२मध्ये निकाल दिला होता: ब्रिटिश नागरिक युरोपातल्या दुसऱ्या देशात नोकरीधंदा करून परत आला तर त्याच्या कुटुंबाला ब्रिटनचे नव्हे, युरोपचे नियम लागू. त्यानंतर कित्येक आशियाई कुटुंबं काही महिने डब्लिनला बिऱ्हाड करायची आणि मग बायकोला किंवा आईला घेऊन इंग्लंडात परतायची. इमिग्रेशनच्या वकिलांकडे 'सुरिंदर सिंग रूट' हा रोजचा शब्द होता. लंडननं बंद केलेलं दार आपल्यासाठी युरोपच्या कायद्यानं उघडलं होतं. ब्रेक्झिटबरोबर ती वाट बंद झाली. याला मराठीत हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

थोडं मागे जाऊन बघा, म्हणजे युरोप आणि आपण यांना एकमेकांसमोर उभं करण्याची ही सवय किती जुनी आहे ते दिसेल. १९४८च्या कायद्यानं साम्राज्यातल्या आणि राष्ट्रकुलातल्या माणसाला इथे येऊन राहायचा हक्क होता. १९६२ला त्याला पहिली कात्री लागली, १९६८ला दुसरी. मग आला १९७१चा इमिग्रेशन ॲक्ट. तो अमलात आला १ जानेवारी १९७३ला. आणि ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झालं तेही १ जानेवारी १९७३लाच. एकाच सकाळी जर्मन आणि इटालियनासाठी दार उघडलं आणि जमैका, पंजाब, गुजरातच्या माणसासाठी मिटलं. त्यामुळे २०१६ला 'एक मिटलं की दुसरं उघडेल' असं वाटणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं.

आणि काही काळ तसं झालंही, हे विसरून चालणार नाही. १ जानेवारी २०२१पासून गुणांची पद्धत आली. शिकून झाल्यावर दोन वर्षं काम शोधायची मुभा परत मिळाली. २०२२च्या फेब्रुवारीत केअर वर्करचं काम व्हिसाच्या यादीत आलं, कारण म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला युरोपातून येणारी माणसं थांबली होती आणि इथल्या माणसांना तो पगार परवडत नव्हता. युरोपियन परत जाऊ लागले, बाहेरचे येऊ लागले. येणारे वजा जाणारे हा आकडा २०२३मध्ये एका वर्षात ९ लाखांच्या वर गेला, आणि येणाऱ्यांत मोठा वाटा भारतीयांचा होता. ज्या सार्वमताचं अर्धं भांडण 'माणसं कमी करा' हे होतं, त्यानंतर माणसं दुपटी-तिपटीनं वाढली.

हा आकडा मोठाच होता. तो मोठा वाटणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला वंशवादी म्हणायला मी तयार नाही. २००४मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले तेव्हा सरकारच्या अंदाजात वर्षाला फार तर १३ हजार माणसं येणार होती. २०११च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये एकट्या पोलंडमध्ये जन्मलेली पावणेसहा लाखांवर माणसं सापडली. बॉस्टन नावाच्या लिंकनशरमधल्या गावानं ७५.६ टक्के मतं 'बाहेर'च्या पारड्यात टाकली ती हवेतून नाही. जीपीची (सरकारी डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळत नाही, भाडं परवडत नाही, शाळेत जागा नाही, हे आपणही रोज बोलतो. फरक इतकाच, की तिथला माणूस बोलतो तेव्हा त्याचा हात आपल्याकडे रोखलेला असतो.

२०१६मध्ये तो हात पोलिश माणसाकडे होता. निदान आपली तशी समजूत होती. पण 'बाहेर'च्या प्रचारातले नेते नायजेल फराज यांनी मतदानाच्या आठवडाभर आधी जे मोठं पोस्टर लावलं, त्यावरची माणसं आठवा. स्लोव्हेनियाच्या सीमेवरून चालणाऱ्या निर्वासितांची लांबच लांब रांग. सावळी माणसं. त्यांच्यातला एकही युरोपच्या मुक्त संचाराच्या हक्कानं ब्रिटनमध्ये येणार नव्हता. पोस्टर मुळात पोलंडबद्दल नव्हतंच. तेव्हा आपण ते बघून मान फिरवली, कारण आपण टाय लावून कॅनरी वॉर्फच्या बँकांत जाणारे.

आता हात कुठे आहे ते बघा. गेल्या मे महिन्यात पंतप्रधान स्टार्मर म्हणाले, आपला देश अनोळखी लोकांचं बेट होण्याचा धोका आहे. नंतर त्यांनी खेद व्यक्त केला, पण त्याच दिवशी काढलेली इमिग्रेशनची श्वेतपत्रिका मागे घेतली नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाला लागणारा पगार जुलैपासून ४१,७०० पौंड झाला, परदेशातून केअर वर्कर आणणं बंद झालं. ऑगस्टपासून दिव्यांच्या खांबांवर सेंट जॉर्जचे, म्हणजे इंग्लंडचे झेंडे लागले. १३ सप्टेंबरला लंडनमध्ये कट्टर उजव्या टॉमी रॉबिन्सन यांनी मोर्चा काढला, पोलिसांच्या अंदाजानं लाखाच्या वर माणसं. त्याच महिन्यात फराज यांच्या रिफॉर्म पक्षानं जाहीर केलं की ते सत्तेवर आले तर आयएलआर हा प्रकारच रद्द करतील. ज्यांच्याकडे आहे त्यांचंही जाईल. तुमच्या हातात जे आहे ते, मंडळी. आणि वुल्व्हरहॅम्प्टन स्टेशनबाहेर ऑगस्टात दोन म्हाताऱ्या शीख टॅक्सीवाल्यांना मारलं, त्यांना मारणाऱ्यांनी आधी व्हिसा विचारला नव्हता.

महमूदबाईंचा प्रस्ताव नीट वाचा, कारण ग्रुपवर त्याचा निम्माच भाग फिरतोय. मूळ मुदत दहा वर्षं. वर्षाला ५०,२७० पौंडांहून जास्त कमाई तीन वर्षं असेल तर पाच वर्षं कमी. १,२५,१४० पौंडांच्या वर असेल तर सात वर्षं कमी. समाजसेवा केली तर तीन ते पाच वर्षं कमी (गणपतीत पंगती वाढलेल्या धरतात की नाही, ते लिहिलेलं नाही). सरकारी भत्ता घेतला तर पाच किंवा दहा वर्षं जास्त. पदवीच्या पातळीखालचं काम, म्हणजे केअर वर्कर वगैरे, मुळातच पंधरा वर्षं. आणि प्रत्येकाची स्वतःची वर्षाची कमाई काही वर्षं तरी १२,५७० पौंडांच्या वर हवी. हे वाक्य पुन्हा वाचा. नवरा आयटीत आणि बायको घरी, मुलं लहान, अशी आपली किती घरं आहेत? जोडीदारानं स्वतःच्या पायावर हक्क मिळवायचा आहे.

हे सगळं फक्त नव्यानं येणाऱ्यांसाठी असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. कुठल्याही देशाला आपले नियम ठरवायचा हक्क आहे. पण हे इथे आधीच आलेल्यांना, चार वर्षं काढलेल्यांनाही लावायचं घाटतंय. पाच वर्षं म्हणून सांगून बोलावलं, घरदार विकून आले, आता दहा. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसावाल्यांनी भरायचा हेल्थ सरचार्ज माणशी वर्षाला १,०३५ पौंड. नवरा-बायकोचे नुसते जादा पाच वर्षांचे १०,३५० पौंड होतात, व्हिसाच्या फिया वेगळ्याच.

आपल्यातल्या जुन्या लोकांना यावरून काहीतरी आठवायला हवं. एचएसएमपी, म्हणजे उच्चकुशल परदेशी माणसांसाठीची व्हिसा योजना! २००२मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेवर आपल्यातले किती जण आले. पुण्या-बंगलोरच्या नोकऱ्या सोडून, बायकामुलांना घेऊन. २००६च्या एप्रिलात सरकारनं कायम राहण्याची मुदत चारावरून पाच वर्षांवर नेली आणि नोव्हेंबरात गुणांचे निकषच बदलले, तेही आधी आलेल्यांना लागू. काल लायक असलेला माणूस आज नालायक. तेव्हा आपण काय केलं? ट्रॅफल्गर स्क्वेअर-पार्लमेंटच्या परिसरात उभे राहिलो, वर्गण्या काढल्या, एचएसएमपी फोरम कोर्टात गेली. २००८च्या एप्रिलात हायकोर्टानं सांगितलं की योजनेत आलेल्यांशी असं वागणं हा अन्याय आहे. पुढच्या वर्षी चार-पाच वर्षांच्या मुद्द्यावरही निकाल आपल्या बाजूनं लागला. भारतीय डॉक्टरांचीही लढाई त्याच सुमारास हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली आणि ते जिंकले. त्या वर्गणीच्या पावत्या अजून जपून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. आणि त्यांच्यातलाच एक जण परवा ग्रुपवर लिहितो, "दहा वर्षं काही जास्त नाहीत, देश समजायला वेळ लागतो."

दादा, तुम्हाला चाराची पाच झाली तर कोर्ट लागलं होतं.

केअर वर्करबद्दल जे बोललं जातं ते तर ऐकवत नाही. आमच्या रस्त्यावरच्या एका इंग्लिश आजीकडे सोलापूरकडची एक मुलगी येते. बीएस्सी नर्सिंग झालेली. सकाळी साडेसहाला गाडी येऊन थांबते, आत पंधरा मिनिटं: उठवणं, पुसणं, गोळ्या, टोस्ट. मोबाइलवर आल्या-गेल्याची नोंद. पुढची व्हिजिट नऊ मैलांवर, मधल्या रस्त्याचे पैसे नाहीत. दुपारी सीट मागे सारून गाडीतच डबा खाते, काचेवर वाफ धरते म्हणून खिडकी बोटभर उघडी. मार्च २०२४नंतर आलेल्या केअर वर्करला नवरा-मुलं आणायला बंदी आहे. तिचा मुलगा तिकडे स्वतःच्या आजीकडे. गावाकडच्या दलालाला लाखो रुपये देऊन ती आली. इथे आल्यावर कळलं, कंपनीकडे सांगितलं तेवढं कामच नाही. असे प्रकार इतके झाले की सरकारनं २०२२ ते २०२४च्या दरम्यान ४७०हून जास्त केअर कंपन्यांचे परवाने रद्द केले. परवाना मालकाचा गेला, पण साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची पाळी मुलीवर. आणि तिला आता पंधरा वर्षं. ही 'सगळं बिघडवणारी' बाई. तुमच्या-माझ्या आईला पुण्यात बघणाऱ्या मावशींना आपण दिवाळीला साडी देतो.

आता बोटी. त्यांच्यावर बोलल्याशिवाय आपलं कुठलंच जेवण संपत नाही. २०२२ला ४५ हजारांवर माणसं खाडी ओलांडून आली. तुम्हाला राग येतो, येऊ दे. पण एक कागद त्यात विसरला जातो. युरोपीय संघात असताना डब्लिन करार होता. आधी ज्या देशात आश्रय मागितला तिथे माणसाला परत पाठवायची निदान कायदेशीर सोय होती. बाहेर पडण्याचा संक्रमणकाळ २०२०च्या अखेरीस संपला, त्याबरोबर ती गेली. आता फ्रान्सशी 'एक पाठवा, एक घ्या' असा छोटासा करार करून तीच सोय थेंबाथेंबानं परत आणायचा खटाटोप चाललाय. आणि २०२३मध्ये त्या बोटींतून हजारावर भारतीयही उतरले होते. त्यामुळे 'ते' आणि 'आपण' ही रेघ जरा बेतानंच ओढा.

त्या मडगावच्या कुटुंबाचं काय झालं, हे तुम्हाला वाटत असेल. छान चाललंय. बाहेर पडताना युरोपीय संघानं आपल्या नागरिकांसाठी करार करून घेतला. २०२०च्या अखेरपर्यंत आलेल्या प्रत्येकाला ईयू सेटलमेंट स्कीममध्ये पाच वर्षांनी कायम राहायचा हक्क. अर्जाला फी शून्य. आपल्याला आयएलआरच्या अर्जाला तीन हजार पौंडांच्या वर. अवलंबून असलेल्या आई-वडिलांना नंतरही आणता येतं. त्यांची आई आली, मागच्या अंगणात आता तांबडी भाजी लावलेली असते. महमूदबाईंची दहा वर्षं त्यांना लागू नाहीत, कारण तो आंतरराष्ट्रीय करार आहे, वेस्टमिन्स्टरला मनात येईल तसा मोडता येत नाही. ज्यांना मत नव्हतं त्यांच्यामागे सत्तावीस देश उभे राहिले. मत असलेला माझा तो पुण्याचा पेइंग गेस्ट मध्ये परत गेला, पुन्हा स्किल्ड वर्करवर आला, आणि आता बायको-मुलीसह दहा वर्षांच्या हिशेबात अडकलाय. त्याच्यामागे कोण उभं आहे? भारत सरकारनं गेल्या जुलैत व्यापार करारावर सह्या केल्या. त्याच्या जोडीला ठरलेल्या वेगळ्या करारात कंपनीनं थोड्या काळासाठी पाठवलेल्यांचा नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा) तीन वर्षं वाचायचा आहे. स्थायिक होण्याबद्दल कुठेच अवाक्षर नाही. म्हणजे उरतो आपणच.

म्हणून तीन-चार मागण्या. प्रश्नावली १२ फेब्रुवारीपर्यंत खुली आहे, ती भरा. आयएलआर झालेल्यांनी आणि नागरिकांनी तर नक्कीच भरा, कारण अडचणीतला माणूस स्वतःसाठी बोलला तर त्याचं वजन कमी पडतं. आधी आलेल्यांना जुनेच नियम लागू राहावेत का, यावरचा प्रश्न टाळू नका. 'आम्ही आयटीवाले चांगले, केअरवाल्यांना हवं ते करा' असं लिहू नका. एचएसएमपीच्या वेळी डॉक्टरांनी आपल्याबद्दल तसं लिहिलं नव्हतं. घरी असणाऱ्या जोडीदारांचा मुद्दा बायकांनी स्वतः लिहावा, नवऱ्यांनी त्यांच्या नावानं नाही.

आणि ७ मेला लंडनच्या सगळ्या बरोंच्या, म्हणजे स्थानिक कौन्सिलांच्या निवडणुका आहेत. हॅरो-हाउन्स्लोवाल्यांनो, तुमच्या दारात तिन्ही-चारही पक्षांचे उमेदवार येतील, त्यातले दोन तरी आपल्यासारखेच दिसणारे असतील आणि 'केम छो'नं सुरुवात करतील. त्यांना आत बोलवा, चहा द्या आणि विचारा, तुमचा पक्ष नियम मागे जाऊन बदलणार का? व्हिसावरच्या भारतीयांनाही त्या दिवशी मत आहे, त्यांची नावं नोंदवून घ्या. आपल्यातल्या निम्म्या पोरांना हे ठाऊकच नाही.

येत्या शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसणार आहे. प्रश्नावलीचं इंग्रजी किचकट आहे, अडेल तिथे मिळून वाचू. येताना बीआरपीचा (जुन्या व्हिसा कार्डाचा) नंबर वगैरे काही आणायची गरज नाही, नुसता ईमेल पुरतो. २०१६च्या 'बाहेर'वाल्यांनीही यावं. त्यांच्याशी मला भांडायचंच आहे, पण फॉर्म भरून झाल्यावर.

तुमच्यातलाच एक,
स्लावकर